सोपानरावांच्या बांधावरचा शेवगा

कुशाबाईनं ज्याचा कधी हेवा केला नाही असं माणूस केडगावच्या आसपास शोधून सापडलं नसतं. माणसाचं सोडा, एकदा ती मेंढीवर जळली होती. लग्न होऊन नुकतीच सासरी आली तेव्हा नवऱ्याची, बिरदेवाची, एक लाडकी मेंढी होती, मोरी नावाची. संध्याकाळी घरी आला की तो आधी मोरीच्या मानेखाली खाजवायचा आणि मग बायकोकडं पाणी मागायचा. कुशाबाईनं थोडे दिवस ते बघितलं आणि एका संध्याकाळी पाण्याचा तांब्या नेऊन मोरीपुढं ठेवला. "आता तिच्याकडनंच घ्या," म्हणाली. बिरदेव हसला. तो हसला म्हणून तिला आणखीच राग आला.

तिचं माहेर शिरूर तालुक्यातलं, पाबळच्या अंगाचं कोरडं रान. बाप कळप घेऊन गावोगाव फिरायचा आणि कुशाचं लहानपण त्या कळपामागं चालण्यात गेलं. भावंडं ढीगभर, आई एकटी. थंडीत नवं कोकरू झालं की आई ते पदराखाली घेऊन निजायची आणि पोरं बाहेर कुडकुडायची. बाकीच्या पोरांना कोकराचं कौतुक होतं, कुशाला मात्र ते उचलून वाघराच्या जाळीबाहेर टाकावंसं वाटायचं. या स्वभावाचं बी तिथंच पडलं असावं.

पण त्याच आईनं तिला एक शहाणपणही दिलं होतं. परक्या रानात कळप सोडण्याआधी आई बांधावरचा चार पानं पाला खुडायची, तळहातावर चुरगाळायची आणि हुंगायची. उग्र वास आला की कळप वळवायचा, मग मेंढरं कितीही भुकेली असोत. "मेंढराचं पोट म्होरं पळतंय," आई म्हणायची, "नाक आपुन लावायचं."

पुढं फिरणं संपलं. बिरदेवाच्या वाट्याला कालव्याकाठची थोडी जमीन आली, कळप विकला, दारात चारदोन मेंढरं राहिली. मुलगा सुरज शिक्रापूरला कंपनीत लागला, तिथंच खोली घेऊन राहतो. सून धनश्री कधी त्याच्याकडं, कधी वस्तीवर. आणि बिरदेव लोकांच्या रानात औषध मारायला जाऊ लागला. आपल्याकडं पिकावरच्या विषाला औषधच म्हणतात आणि औषध म्हटलं की माणूस निम्मा निर्धास्त होतो. बिरदेव तर पुरताच निर्धास्त होता. उघड्या हातानं औषध कालवायचा, तोंडाला पंचा बांधायचा तोही मनात आलं तर.

एक गोष्ट मात्र तो कधी चुकला नाही. औषध मारून आला की हातपाय धुवायच्या आधी अंगणात उभा राहायचा आणि मोठ्यानं हाक द्यायचा, "कुशे, अमक्याचं रान मारलंय!" आतून कुशाबाईनं ओ द्यायची, "ऐकलं!" ओ आली नाही तर तो पुन्हा ओरडायचा. त्या हाकेवर सगळी वस्ती सावध व्हायची. शेरडं तिकडं जायची नाहीत, बाया तिकडची भाजी खुडायच्या नाहीत. मग तो आंघोळ करायचा आणि कुशाबाई त्याला गूळ आणि तांब्याभर ताक द्यायची. ताकानं औषधाची आग मरते असं ती मानायची. खरं खोटं देव जाणे, पण सगळा संसार त्या ताकावर गेला होता. ते ताक म्हणजे तिचा मान होता.

आणि मग दयाबाई आली.

म्हणजे दयाबाई होतीच. केडगावात मिशनच्या बाजूला राहणारी, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, विधवा. पांढरं स्वच्छ लुगडं, स्वच्छ बोलणं, रविवारी चर्चला. बिरदेव तिच्या परसात लेंडीखत टाकायला गेला होता. तिनं त्याचे लाल डोळे बघितले, हाताची सोलवटलेली कातडी बघितली आणि उभ्या उभ्या त्याला रागावली. येताना त्याच्या हातात रबरी मोजे आणि भुकटीची एक बरणी दिली. आवळा आणि शेवग्याचा पाला सावलीत वाळवून केलेली भुकटी.

त्या संध्याकाळी कुशाबाईनं ताक पुढं केलं तर बिरदेव म्हणाला, "आज नगं. दयाबाईंनी भुकटी दिलीया, ती पान्यात घालून घेतो."

कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताकाचा तांब्या तिनं कुत्र्याच्या थाळीत ओतला.

पुढं रोज तेच. बिरदेवाला बरं वाटू लागलं, आणि वाईट हे की तो ते बोलून दाखवू लागला. "डोळं निवळलं बघ." "डोकं दुखायचं थांबलं." "शिकल्याली बाई हाय, तिला म्हायती असतंय." मोजे मात्र तो खुंटीवर नवेकोरे टांगून ठेवायचा, खराब होतील म्हणून. कुशाबाई येता-जाता त्या मोज्यांकडं बघायची. दुसऱ्या बाईनं दिलेली वस्तू इतकी जपून ठेवलेली तिला बघवत नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

शेवटी एक दिवस न राहवून ती स्वतःच दयाबाईच्या घरी गेली. निमित्त काय तर रिकामी बरणी परत द्यायची. खरं तर तिला ते घर बघायचं होतं, ती बाई जवळून बघायची होती, काहीतरी खोट सापडते का ते बघायचं होतं. सापडली नाही. परस झाडलेला, कोपऱ्यात आवळा, कुंपणाशी शेवगा, जाळीच्या कपड्याखाली पाला वाळत घातलेला. दयाबाईनं खुर्ची दिली, चहा दिला, बरणी पुन्हा भरून दिली. कुशाबाईनं चहा पिताना कपाची कड तपासली. तीही स्वच्छ निघाली.

"ह्या भुकटीत हाय तरी काय एवढं?" तिनं विचारलं.

"त्याचं असं आहे कुशाबाई," दयाबाई म्हणाली, "औषध अंगात शिरलं की आपलं यकृत ते मोडायला बसतं. मोडताना आत ठिणग्या उडतात असं समजा. त्या ठिणग्या आतल्या आत चटके देतात. आवळ्यात, हिरव्या पाल्यात, हळदीत त्या विझवण्याचा गुण असतो. उंदरांवर तपासून बघितलंय शास्त्रज्ञांनी. माणसांचं एवढं ठाम अजून सांगता येत नाही."

"मंग देता कशाला?"

"पाला खाल्ल्यानं वाईट तर होत नाही ना. पण मी त्यांना मोजे आधी दिले आणि भुकटी नंतर, ते एवढ्यासाठीच. जे अंगात गेलंच नाही ते विझवायची वेळच येत नाही. तुम्ही घरच्या आहात, तुमचं ऐकतील. मोजे घालायला लावा. आणि पाला घ्यायचा तर परसातलाच घ्या, ज्याच्यावर कधी औषधाचा थेंब पडला नाही असा."

सांगणं सरळ होतं आणि हिताचं होतं. पण हेवा कानात बसला की माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. कुशाबाईनं ऐकलं ते एवढंच, शेवगा. अख्खा जन्म रानात गेलेल्या बाईला ही चार भिंतीतली बाई शेवगा शिकवते! घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आल्या आल्या तिनं बिरदेवाला धरलं.

"एवढी वर्सं माझं ताक पिऊन मेला न्हाईत, आन् आता तिच्या भुकटीवर जीव अडकला व्हय तुमचा?"

"अगं तिनं बरं व्हावं म्हून दिलीया."

"मग म्या काय मरावं म्हून देत हुते?"

बिरदेवानं हसायची जुनी चूक पुन्हा केली. झालं, अबोला सुरू झाला. कुशाबाईचा अबोला साधा नसतो. ताट आदळून वाढायचं, पाणी न मागता द्यायचं म्हणजे मागायला तोंड उघडावं लागत नाही, आणि त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही.

कांद्यावर फुलकिडे पडले होते, सगळीकडं फवारण्यांची घाई होती. अशाच एका संध्याकाळी बिरदेव कामावरून आला आणि नेहमीच्या जागी अंगणात उभा राहून त्यानं हाक दिली. धनश्री शिक्रापूरला नवऱ्याकडं गेली होती, ती अजून आली नव्हती. कुशाबाई एकटीच आत होती. तिनं मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकले आणि खटका दाबला. बिरदेव पुन्हा ओरडला. तिला आवाज आला, शब्द आले नाहीत, आणि तिला ते नकोच होते. कुटाचं पीठ झालं तरी तिनं मिक्सर चालूच ठेवला. बाहेर बिरदेव थोडा वेळ तसाच थांबला आणि मग आंघोळीला गेला.

अबोल्यात तिच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. भुकटी म्हणजे वाळलेला पाला, मेलेला. ओल्या पाल्यापुढं तिचं काय चालणार? ताजा पाला वाटून त्याचा रस दिला तर दयाबाईच्या बरणीला कोण विचारतंय! घरचा शेवगा मागच्या वाऱ्यात मोडला होता. पण वस्तीपलीकडं सोपानरावांच्या कांद्याच्या रानाला बांधावर मोठा शेवगा होता, हात पुरेल असा, हिरवागार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गेली. दव पडलं होतं, पाला ओला होता. तिनं पदराची ओटी भरभरून पाला ओरबाडला. चुरगाळला नाही, हुंगला नाही. आईनं कळपापुढं दर वेळी केलेली गोष्ट त्या सकाळी तिला आठवली नाही, कारण ती मनानं बांधावर नव्हतीच, ती दयाबाईच्या परसात उभी राहून तिला हरवत होती. हाताला वास येत होता खरा. पण बिरदेवाचे कपडे धुऊन धुऊन तो वास तिच्या हातात मुरलेलाच होता. तिला तो नवा वाटला नाही. आणि न धुता, पाण्याचा हात न लावता, ताज्याचं ताजेपण जाऊ नये म्हणून तिनं तो पाला तसाच वाटला. त्यात आलं घातलं, गूळ घातला, लिंबू पिळलं.

"घ्या," ती म्हणाली. इतक्या दिवसांतला तिचा पहिला शब्द.

बिरदेवानं तिच्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं. कसला पाला, कुठला पाला, काही विचारलं नाही. बायको बोलली हेच त्याला पुष्कळ होतं. पहिल्या घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं.

"कडू हाय?" तिनं विचारलं. "तिची ग्वाड लागती व्हय?"

त्यानं पेला तळापर्यंत रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "हे झ्याक हाय. त्या भुकटीपक्षा झ्याक."

कुशाबाई स्वयंपाकघरात गेली आणि चुलीकडं तोंड करून हसली. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

न्याहारीच्या वेळी बिरदेवाला घाम सुटला. थंडीचे दिवस, आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला. तोंडाला पाणी सुटून लाळ गळायला लागली, मग उलटी झाली, मग तो म्हणाला, "मला समदं अंधूक दिसतंय." रात्री परतलेल्या धनश्रीनं फोन लावला तो दयाबाईला. एरवी कुशाबाईनं तिच्या हातातला फोन हिसकावला असता. दयाबाई रिक्षा घेऊनच आली. तिनं बिरदेवाची पापणी वर केली.

"बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. हे औषधाचं आहे. आज मारलंय का कुठं?"

"न्हाई," धनश्री म्हणाली, "काल मारलं. रातच्याला बरं हुतं, जेवलं बी."

दयाबाई गोंधळली, पण थांबली नाही. त्याच रिक्षात घालून त्याला दौंडच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि चटपटीत होती. तिनं लगेच सुई टोचली, सलाईन लावलं आणि मग बाहेर येऊन तीही त्याच प्रश्नावर अडली. फवारणी काल संध्याकाळी आटोपली, आंघोळ झाली, रात्र नीट गेली, मग आज सकाळी एवढं कसं?

"आणखी काही खाल्लं-प्यायलं का? काही औषध चालू आहे?"

"ह्या बाईंची भुकटी घेत्यात रोज," धनश्रीनं दयाबाईकडं बोट केलं. "झाडपाल्याची."

डॉक्टरणीचा चेहरा बदलला. "कसला झाडपाला? कशात काय मिसळलेलं असतं कुणाला ठाऊक? ती बरणी आणायला सांगा. काय आहे कळल्याशिवाय मला पुढचं ठरवता येत नाही." दयाबाईचे हात पदराशी चाळा करू लागले. धुतल्या तांदळासारखी ती बाई पहिल्यांदाच आरोपीसारखी उभी होती.

आणि खरं सांगायचं तर कुशाबाईला बरं वाटलं. नवरा आत पडला होता, जीव मुठीत होता, आणि तरी छातीत कुठंतरी गार वाटलं. सापडली खोट! तिच्याच भुकटीनं केलं! आता बसा म्हणावं नर्सपणा मिरवत. आपण दिलेला रस तिला आठवत नव्हता असं नाही. पण तो तर ताजा पाला, तो कसा बाधेल?

तेवढ्यात सोपानराव धापा टाकत आले. बातमी कळल्यावर मोटारसायकलवर आले होते, हातात औषधाची रिकामी बाटली. कालची फवारणी त्यांच्याच रानात झाली होती.

"हे बघा बाई, हेच मारलं कांद्यावर," त्यांनी बाटली डॉक्टरणीला दिली. "थोडं उरलं हुतं टाकीत. म्याच म्हणालो, बिरदेवा, बांधावरच्या शेवग्यावर केसाळ अळी चढलीया, वतून कशाला द्यायचं, तिकडं मार."

उरलेलं औषध कोणी ओतून देत नाही. बांधावरच्या झाडावर मारतात, सगळेच मारतात. कुशाबाईला हे ठाऊक होतं. तिनं आपला उजवा हात नाकाशी नेला, चुरगाळून बघायला आता पाला उरला नव्हता, पण वास होता. तिला मिक्सरचा आवाज आठवला, आणि त्याच्यामागून अंगणातून येणारी हाक.

त्या क्षणी ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. दोष दयाबाईच्या बरणीवर गेला असता आणि ती बरणी घरातून कायमची गेली असती. हे सगळं तिला स्वच्छ दिसलं, मोहही झाला. आणि काचेपलीकडं बिरदेवाचा हात पलंगावरून खाली लोंबत होता.

"भुकटी न्हाई," ती म्हणाली. "म्या रस पाजला. सोपानरावांच्या बांधावरचा पाला. आज सकाळी खुडला. न धुता."

"कच्चा? किती?"

"पेलाभर. तळापतूर प्याले."

डॉक्टरीण पुढचं ऐकायला थांबली नाही. पोट धुवायला नळी मागवत ती आत धावली. जाता जाता म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत." कुशाबाईला ते कौतुक चाबकासारखं लागलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. दयाबाई तिच्याशेजारी बसली आणि तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हात काढा," कुशाबाई म्हणाली. "तुमी चांगल्या हायसा ते मला म्हायती हाय. त्याचंच तर मला दुखतंय."

दयाबाईनं हात काढला. उठून मात्र गेली नाही. दुपारी तिनं दोघींसाठी चहा आणला आणि कुशाबाई तो प्याली.

दिवस मावळायच्या सुमाराला डॉक्टरीण म्हणाली की धोका टळतोय, पण दोन-तीन दिवस इथंच ठेवावं लागेल. एकीनंच आत जायचं. "विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनानं ते भ्रमात आहेत, काहीही बडबडतील. घाबरू नका." दयाबाई बाहेरच थांबली. कुशाबाई आत गेली.

बिरदेव डोळे सताड उघडून छताकडं बघत होता. बाहुल्या आता मोठ्या झाल्या होत्या, हात हवेत काहीतरी चाचपत होते, ओठ हलत होते. कुणाचं तरी नाव घेऊ बघत होता. अशा वेळीसुद्धा, एवढं सगळं होऊनसुद्धा, तिला पहिली भीती वाटली ती हीच, की नाव दुसरीचं निघेल.

"कुशे!" बिरदेव ओरडला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. भ्रमात तो अंगणात उभा होता, हातपाय न धुता. "कुशे, सोपानरावाचं रान मारलंय! बांधावरचा शेवगा बी! पाला खुडू नगं!"

ती पलंगापाशी आली.

ओ आली नाही म्हणून तो कोपरावर उठायला बघू लागला. नर्स धावली. "कुशे!" तो पुन्हा ओरडला, आता घाबरलेल्या आवाजात. "अगं ऐकलंस का?"

"ऐकलं," कुशाबाई म्हणाली. तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "ऐकलं वो. ऐकलं."

ओ मिळाली तसा तो उशीवर मागं झाला आणि त्यानं डोळे मिटले.